केनाईला निघण्याआधी

दापोली, २९ जून

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास. बाबा म्हणाले, "आता दोन दिवस गप्प बस." बसले. मृणालने ओमचा फोटो पाठवला नसता तर वेडर्सचं, म्हणजे पाण्यात उतरायच्या त्या रबरी विजारीचं, मला कळलं नसतं आणि त्याला नदीत उतरवण्यावरून भांडणही झालं नसतं. तिला मात्र काही बोलू नकोस, तिने कौतुकानेच पाठवला होता. या पत्रात ओमचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. केनाई नदीवर सॅमन धरायला जाताय, त्यासाठी परमिट, जाळं, भरती, बर्फ, एवढंच लिहिते. तेवढं तरी माझ्याकडून ऐकून घेशील.

परमिट अजून छापलं नसशील. अलास्काच्या फिश अँड गेम खात्याच्या साइटवर ते फुकट मिळतं, पण तुझा स्पोर्ट फिशिंगचा परवाना चालू हवा, आणि मृणाल जाळं धरणार असेल तर तिचाही. १८ वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही. लागत नाही म्हणजे त्यांनी उतरलंच पाहिजे असं नाही. मृणालचा भाऊ पुण्याहून येतोय म्हणालास. त्याला आधीच नीट सांगून ठेव की त्याने जाळ्याला हात लावायचा नाही. सलग बारा महिने अलास्कात राहिला तोच रहिवासी, आणि डिपनेट, म्हणजे ही दांड्याच्या जाळ्याची मासेमारी, फक्त रहिवाशांसाठी. "जरा धर रे" म्हणून दांडा त्याच्या हातात दिलास आणि तेवढ्यात ट्रूपर, म्हणजे तिकडचा पोलीस, आला तर दंड होईल. दापोलीला परतल्यापासून आम्हीही आता त्याच रांगेत. साठीनंतर परवान्याऐवजी मिळतं ते कायमचं कार्ड रहिवासी असेपर्यंतच चालतं. बाबांनी ते अजून पाकिटात ठेवलंय.

हिशेब तुला माहीत आहे, तरी लिहिते. घराच्या प्रमुखाचे २५ मासे आणि बाकी प्रत्येकामागे १०. तुम्ही चौघं, म्हणजे ५५. पण ५५ आणलेच पाहिजेत असं कोणी सांगितलेलं नाही. सॉकाय सॅमन सरासरी पावणेतीन किलोचा धर, त्याचं निम्मं वजन फिले म्हणून हाती येतं. आठवड्यातून एकदा खाल्लात तर वर्षाला चाळीसेक किलो लागतं. तीस मासे झाले की निघा. जास्त मासे म्हणजे पाण्यात जास्त तास, आणि दमलेला माणूस मागे वळून बघत नाही.

मासा कूलरमध्ये झाकण्याआधी आणि किनारा सोडण्याआधी परमिटवर नोंद झालीच पाहिजे. शेपटीच्या पराची वरची आणि खालची, दोन्ही टोकं कातरायची. एकच टोक कातरलं तर चालत नाही. स्वयंपाकघरातली जुनी कात्री दोरीने कूलरच्या कडीला बांधून ठेव, नाहीतर वाळूत हरवते. परमिट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि न पसरणाऱ्या शाईचं पेन त्याच पिशवीत. आठ वर्षांचा होतास तेव्हा हे काम तुझं होतं. एक शेपटी सुटली नाही तुझ्या हातून. शामकाकांच्या ढिगातल्यासुद्धा तूच मोजून दिल्यास, आणि वर त्यांना सुनावलंस की एक मासा जास्त झालाय. तो खरंच जास्त होता.

किंग सॅमन आला तर लगेच सोडायचा. गेली काही वर्षं केनाईला तो ठेवायला बंदी आहे. ओळखायचा कसा हे मृणालला दाखव: शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर काळे ठिपके, आणि तोंड उघडलं की हिरड्या काळ्या. सॉकायच्या शेपटीवर ठिपके नसतात. पिंकच्या शेपटीवर मोठाले लांबट डाग असतात आणि खवले अगदी बारीक. किंग वाळूवर ओढत आणू नकोस, पाण्यातच जाळं सैल कर. जाळ्याची आस, म्हणजे विणीचं भोक, कल्ल्यात अडकली असेल तर सरळ जाळ्याचा दोरा काप. दोरा दहा मिनिटांत पुन्हा विणता येतो. निघायच्या दिवशी सकाळी आपत्कालीन आदेश बघ. नियम मधेच बदलतात आणि "मला माहीत नव्हतं" हे कोणी ऐकून घेत नाही. आणि १५ ऑगस्टच्या आत परमिटचा हिशेब भरायचा, एकही मासा मिळाला नाही तरी, गेला नाहीत तरीसुद्धा. नाहीतर पुढच्या वर्षी परमिट अडतं.

आता जाळं. गॅरेजच्या माळ्यावरचं निळं जाळं काढलं असशील. कड्याच्या आत टेप धरून मोज: कुठल्याही दोन बिंदूंमधलं सरळ अंतर ५ फुटांच्या वर जाता कामा नये. कडं एका बाजूला दबलं की दुसऱ्या बाजूला लांबतं, आणि वर्षभर माळ्यावर पडलेलं कडं दबतंच. पिशवीची खोली त्या अंतराच्या निम्म्याहून कमी नको. आस ताणून साडेचार इंचांपर्यंत चालते. सगळ्यात आधी तुटतो तो कडं आणि दांडा जोडणारा सांधा. तिथले बोल्ट काढून बघ. ॲल्युमिनियमच्या नळीत भोकाच्या कडेला केसाएवढी चीर दिसली तर नळीचा तेवढा भाग कापून टाक आणि नवं भोक पाड. ओल्या जाळ्यात दोन मासे एकदम आले की सगळा भार त्याच चिरेवर येतो. सुई, दोरा आणि दोन जादा बोल्ट डब्यात ठेव. गेल्या वर्षी कडं तू स्वतः वाकवलंस ते बाबांना व्हिडिओत दिसलं. ते चार जणांना दाखवून झाले. वेल्डिंग कसं केलंय ते दाखवायला व्हिडिओ मधेच थांबवतात.

धरण्याबद्दल मृणालला सांगशील तेव्हा एवढं सांग. कडं तळाला टेकलेलं, दांडा काखेखाली, तोंड समुद्राकडे. भरतीला पाणी नदीत वर चढत असतं, त्यामुळे पिशवी आपोआप मागे, नदीच्या अंगाला फुगते आणि वर निघालेला मासा सरळ आत येतो. ओहोटीला पाणी उलटं फिरतं, पिशवी कड्यातून उलटून समुद्राकडे लोंबायला लागते. मग मासा आत शिरत नाही, आसांत अडकला तर अडकला. दांड्याला ठक्क जाणवलं की उचलायचं नाही. नवखा माणूस हमखास उचलतो, आणि मासा कड्यावरून उडी मारून जातो. दांडा पिळायचा म्हणजे कडं आडवं होऊन तोंड तळाकडे मिटतं, आणि तसंच मागे चालत थेट कोरड्या वाळूपर्यंत यायचं. मागे चालताना टाच आधी टेकवून बघायची. रांगेत खांद्याला खांदा लावून माणसं असतात. बाहेर निघालेल्याला वाट द्यायची आणि परत येताना आपल्याच जागी घुसायचं नाही.

नदीत वर जाणारे मासे मोजणाऱ्या सोनार यंत्राचे आकडे रोज बघतोस म्हणालास. ते यंत्र मुखापासून १९ मैल वर आहे. तिथे आज आकडा उसळला म्हणजे ते मासे एक-दोन दिवसांपूर्वी मुखातून गेले. तो आकडा बघून गाडी काढणारे बरेचदा रिकाम्या पाण्यात उभे राहतात. सलग दोन-तीन दिवस चढता आकडा दिसला तर जा. व्यावसायिक बोटींची जाळी त्या दिवशी पडणार आहेत का तेही बघ.

भरतीचं कोष्टक केनाई नदीच्या मुखाचं बघ, अँकरेजचं नको, तिथे पाणी पुष्कळ उशिरा पोचतं. मुखाशी चढउतार सहा मीटरच्या आसपास. आमच्या हर्णैला एवढं पाणी कधी चढत नाही. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी चढून जातं. म्हणून पहिल्या तासात वाळूवर ठेवलेला कूलर सुरक्षित वाटतो आणि तिसऱ्या तासात तरंगायला लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारू नकोस. मी असते तर भरती अर्धी चढल्यावर उतरले असते आणि पाणी थबकून फिरायला लागलं की जाळं बाहेर काढलं असतं. लोक ओहोटीतही उभे राहतात, मासे मिळतातही. पण तेव्हा नदीचा स्वतःचा जोर आणि उतरत्या समुद्राचा जोर एकाच दिशेला लागतो, आणि ती दिशा उघड्या समुद्राची असते. पायाखालची वाळू टाचेपासून निसटत जाते. बाबांचे दोन्ही पाय सुटले होते ते ओहोटीतच. शामकाकांनी दांडा पुढे केला म्हणून. तू तेव्हा तंबूत झोपला होतास, तुला कधी सांगितलंच नाही आम्ही.

तेव्हा रात्री दोनला कसिलोफ नदीवर जायचा बेत सोड. कसिलोफ २५ जून ते ७ ऑगस्ट चोवीस तास उघडं असतं, गर्दी कमी, सगळं मान्य. पण उघडं आहे म्हणून जायचं? जुलैत पूर्ण काळोख होत नाही, तरी दोन वाजता उजेड इतका मंद असतो की राखाडी पाण्यात खोली कळत नाही. त्या काठाला चिखल आहे आणि चिखलात रुतलेला बूट ओढताना तोल जातो. केनाई १० ते ३१ जुलै, सकाळी सहा ते रात्री अकरा. तेवढ्या वेळात एक तरी चांगली भरती मिळतेच. चिटिनाचं तर नावही काढू नकोस. कॉपर नदीवर लोक कमरेला दोर बांधून खडकावर उभे राहतात. तिथला गाळ कपड्यांत भरला की माणूस वर येत नाही.

आणि दोरीवरून आठवलं. "ओमला दोरी बांधून उतरवीन" असं तू म्हणालास ना, त्याचा मी रात्रभर विचार केला. वाहत्या पाण्यात माणूस पडला आणि दोरी ताणली गेली की प्रवाह त्याला वर ठेवत नाही, खाली दाबतो. तू दोरी जितकी घट्ट धरशील तितका तो खाली जाईल. दगडावर उभ्या माणसाला पडूच नये म्हणून दोर बांधतात, ते वेगळं. पाण्यात उभ्या मुलाला बांधतात ते वेगळं.

बघ. नाही म्हणता म्हणता आलाच विषय. आता आलाय तर पुरतंच लिहिते, म्हणजे पुन्हा नको.

फोटोत त्याच्या वेडर्सना पट्टा दिसला नाही. दुकानात पट्टा वेगळा पुडक्यात असतो आणि तो तसाच खोक्यात राहतो. पट्टा कमरेला घट्ट असेल तर पडल्यावर पाणी हळू भरतं, पायांत थोडी हवा राहते, उठायला वेळ मिळतो. पट्टा नसेल तर पाणी पार तळव्यापर्यंत भरतं. त्या पाण्याच्या वजनाने माणूस बुडत नाही, पण प्रवाहाला ओढायला फुगलेली पिशवी मिळते आणि काठावर चढता येत नाही. पाणी दहा-बारा अंशांचं. पहिल्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असलं तरी. मोठ्या माणसाला हे माहीत असलं तरी जमत नाही, अकरा वर्षांच्या मुलाला काय जमणार! पडलंच कोणी तर जाळं सोडून द्यायचं. दीडशे डॉलरचं जाळं म्हणून धरून ठेवतात आणि जाळ्याबरोबर जातात. पाठीवर उताणं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे, आणि हात मारत काठाकडे. हे तू आणि मृणालने घरी एकदा बोलून घ्या. मोठ्याने बोला. वाळूवर पोचल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

तू म्हणालास, केनाइट्झे जमातीची मुलं लहानपणापासून जाळ्यावर असतात. असतात ना. देनाइना लोकांची ही नदी आपण तिथे येण्याच्या किती आधीपासूनची, आणि जमातीचं शिकवण्याचं जाळं मुखाजवळ लागतं ते तुला दाखवलंही होतं. पण ते जाळं किनाऱ्याला बांधलेलं असतं, हातात कडं धरून छातीभर पाण्यात उभं राहायचं ते नव्हे. इथे रापण ओढताना सगळा गाव दोरीला लागायचा, पोरंही लागायची. मी स्वतः लागले आहे. पाय वाळूवर असायचे. लहान मुलांना मासेमारीपासून लांब ठेव असं मी म्हणतच नाही. ओमला वाळूवर दहा कामं आहेत. मासा आला की डोक्यात दांडकं घालायचं (हे त्याला आवडेल), कल्ले कापायचे, शेपट्या कातरायच्या, तुझ्या देखरेखीखाली नोंदीचे आकडे मोजायचे, भरतीची रेषा बघून कूलर मागे सरकवायचे. प्लॅस्टिकची घसरगाडी ने. वाळूवरून कूलर ओढायला चाकांपेक्षा ती बरी, चाकं रुततात. ईराला गोळा केलेल्या काठ्या मोजायला बसव.

झालं व्याख्यान. माफ कर. तू एकोणचाळीस वर्षांचा आहेस, तिकडे नॉर्थ स्लोपच्या तेलक्षेत्रावर वीस माणसं तुझ्या शब्दावर कामाला लागतात, आणि मी इथून तुला पट्टे बांधायला सांगतेय. "आई, तू आता इथे नाहीस" असं तू म्हणालास. खरंच आहे ते. लागलं, पण खरं आहे.

बर्फाचं लिहायचं राहिलं. पाण्यात काय झालं याहून त्या मासळीची चव बर्फावर ठरते, हे कित्येकांना पटत नाही. तीस मासे म्हणजे ऐंशी किलोच्या आसपास, त्याला निदान चाळीस किलो बर्फ घे. शनिवारी सॉल्डोत्नाच्या दुकानांतला बर्फ संपतो, म्हणून आठवडाभर आधीपासून घरच्या फ्रीझरमध्ये दुधाच्या रिकाम्या कॅनांत पाणी गोठवून ठेव. कॅनचा बर्फ तळाला, चुरा वर. मासा मारल्यावर लगेच एका बाजूचे कल्ले काप आणि दोरीत ओवून दहा मिनिटं पाण्यात सोड. हृदय चालू असतानाच रक्त बाहेर पडतं, नंतर नाही. रक्त राहिलं की फ्रीझरमध्ये तीन महिन्यांनी कडेला तपकिरी, कडवट होतं आणि लोक म्हणतात सॉकायला वास येतो. वाळूवर लोळवू नकोस. वाळूचा कण खवल्यांखाली बसतो, सुरीची धार घालवतो आणि शेवटी दाताखाली येतो. पोट तिथेच साफ कर, पोटात बर्फ भर, कूलरची खालची बूच उघडी ठेव. वितळलेल्या पाण्यात मासा पोहत राहिला तर मऊ पडतो. आतडी आणि सांगाडे वाळूवर टाकायचे नाहीत, वाहत्या पाण्यात टाकायचे. ढीग राहिला तर सीगल येतात, आणि सीगलमागून कोण येईल सांगता येत नाही.

गाबोळी टाकू नकोस! सगळे फेकतात. मीठ-हळद लावून कांद्यावर परत, आणि मुंडक्यांचं तिरफळ घालून कालवण कर. तिरफळ मागच्या पार्सलमध्ये पाठवलंय, डाव्या कप्प्यात बघ. आमच्याकडे सध्या ३१ जुलैपर्यंत बंदी, यांत्रिक बोटी सगळ्या वर ओढलेल्या. बाजारात सुके बांगडे आणि खाडीचं थोडंफार. म्हणून तुझ्या कूलरचं जरा जास्तच लिहितेय.

फिले घाईने करायचे नाहीत. मासा ताठलेला असताना कापला तर मांस फाटतं आणि काटेही निघत नाहीत. बर्फात एक रात्र जाऊ दे, दुसऱ्या दिवशी घरी काप. बारीक काट्यांची ओळ डोक्याकडून अर्ध्याच्या थोडं पुढेपर्यंत असते. पक्कड डोक्याच्या दिशेने तिरकी ओढायची, उभी नाही. पिशवीत हवा काढताना पाणी सीलवर आलं तर सील धरत नाही, म्हणून फिले तासभर उघडेच फ्रीझरमध्ये ठेव आणि मग बंद कर. कच्चा किंवा अर्धकच्चा खायचा बेत असेल तर उणे २० अंशांत सात दिवस आधी गोठव, त्यात किडे असतात. नाहीतर पुरता शिजव.

बरण्या भरणार असलास तर पाइंटच्या भर. वर एक इंच जागा, पाणी घालायचं नाही, मीठ ऐच्छिक. कॅनरची, म्हणजे बरण्या शिजवायच्या दाबाच्या भांड्याची, वाफ आधी दहा मिनिटं सोडून द्यायची, मग घड्याळी काट्याच्या कॅनरला ११ पाउंडांवर शंभर मिनिटं. पूर्ण शंभर. दाब मधे खाली गेला तर वेळ पहिल्यापासून मोजायची. आणि आपला शिट्टीचा कुकर वापरायचा नाही, मृणालच्या आईने काहीही सांगितलं तरी. त्याचा दाब मोजता येत नाही, आणि त्यात राहिलेलं विष डोळ्याला दिसत नाही की नाकाला कळत नाही. थंड झाल्यावर बरणीत काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नकोस, ते मीठ-खनिजांचेच असतात, गरम केले की विरघळतात.

तंबूबद्दल थोडंच. वाळूत साधे खुंटे धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून त्या पुरायच्या आणि दोऱ्या त्यांना बांधायच्या. कुक इनलेटच्या खाडीवरून वारा दुपारी सुटतो. वाहून आलेल्या लाकडांच्या रेषेच्या वर, नगरपालिकेने आखलेल्या जागेत, कुंपणातल्या गवताळ टेकड्यांवर पाऊल न टाकता. माशाचे कपडे तंबूत नाहीत, कूलर गाडीत, बेअर स्प्रे हाताशी. परतीच्या वाटेवर कूपर लँडिंगला मुक्काम करणार असाल तर हे दुप्पट पाळ, रशियन नदीवर अस्वलं माशांच्या वासावरच येतात. सीवर्ड हायवेवर हेडलाइट चालू, आणि टर्नअगेन खाडीच्या काठाला फोटोसाठी थांबलात तर मुलांना त्या चिखलावर उतरू देऊ नकोस. वरून घट्ट वाटतो, पाय गेला की सिमेंटसारखा आवळतो. ओम नक्की म्हणेल की उतरू.

बाबा वाचून म्हणाले, "त्याला एवढं सगळं माहीत आहे. त्यालाच सोड, पोराला तोच बघेल." मग थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, गुडघ्यापर्यंत तरी उतरू दे म्हणावं. मी विचार केला. ठीक आहे. पाणी थबकलं असताना, म्हणजे भरती संपून ओहोटी लागायच्या आधीच्या त्या वीसेक मिनिटांत, गुडघ्यापर्यंत, लाइफ जॅकेट घालून, जाळ्याशिवाय. तू समुद्राच्या बाजूला आणि मृणाल त्याच्या मागे वाळूवर. तुझ्या स्वतःच्या हातातही तेव्हा जाळं नको. दांडा त्याला धरायचा असेल तर मासा लागल्यावर वाळूपर्यंत ओढायला दे. तू पहिला ओढलास तेव्हा मागे बसलास सपशेल, आणि मासा तुझ्या मांडीवर. शामकाकू हसून हसून रडल्या होत्या.

बस, पुढचं तुझं तू ठरव. मुखाचं कोष्टक आणि तुम्ही कुठल्या दिवशी जाणार ते कळव. पोचल्यावर एक आणि निघताना एक, दोनच मेसेज कर. मधे मी फोन करणार नाही.

तुझी,
आई

ता.क. बोटीत १३ वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेटची सक्ती आहे. किनाऱ्यावरून चालत उतरणाऱ्याबद्दल कायदा काही म्हणत नाही, म्हणून लोक आणतच नाहीत. मुलांची जॅकेटं वयावर नाही, वजनावर असतात. ५० ते ९० पाउंडांचं वेगळं, त्याखालचं वेगळं. ओमचं वजन करून घे, मला वाटतं मागच्या जॅकेटमधून तो केव्हाच बाहेर पडलाय. घालून बंद लावल्यावर खांद्यांना धरून वर ओढ. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं होतंय. दुकानात मिळालं नाही तर होमर आणि इतर बंदरांवर "किड्स डोन्ट फ्लोट"च्या फळ्या आहेत, तिथे उसनं मिळतं. बरं, तेही राहू दे, फक्त वजन किती भरलं ते लिही. ईराचंही.